मागच्या दारापासून सुरुवात : जुन्या शववाहिकांचे छोटे संग्रहालय कसे पाहावे

जुन्या शववाहिकेसमोर पहिल्यांदाच उभा राहणारा माणूस बहुधा गाडीच्या तोंडाशीच रेंगाळतो. चकाकणारे दिवे, लांबलचक बॉनेट, क्रोमची जाळी पाहून होते, एक छायाचित्र निघते आणि पाहुणा पुढच्या गाडीकडे वळतो. ही गाडी ज्या कामासाठी बांधली गेली, ते काम मात्र मागच्या दाराशी चालत असे. तिथला तळ, तिथले रूळ, तिथल्या खुंट्या आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या कडा पाहिल्याखेरीज गाडी पाहिली असे म्हणता येत नाही. अंत्यविधीचा इतिहास आणि जुन्या शववाहिका जपणाऱ्या एखाद्या छोट्या खासगी संग्रहालयाला प्रथमच भेट देणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जाण्यापूर्वी काय ठरवावे, आत गेल्यावर कोणत्या क्रमाने आणि कशाकडे पाहावे, मालकाला काय विचारावे आणि कोणत्या गोष्टींवर लगेच विश्वास ठेवू नये, हे त्यात सांगितले आहे.

संग्रह कोणाचा आहे, ते आधी जाणून घ्यावे

या विषयाला वाहिलेली मोठी संग्रहालये जगात आहेत. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९९२ साली राष्ट्रीय अंत्यसंस्कार इतिहास संग्रहालय उघडले. त्याच वर्षी जर्मनीतील कासेल येथे दफनसंस्कृतीचे संग्रहालय सुरू झाले. व्हिएन्नाचे अंत्यविधी संग्रहालय १९६७ सालचे असून २०१४ पासून ते शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत आहे, तर बार्सिलोनामध्ये मोंजुइक दफनभूमीत घोड्यांच्या शववाहिकांचा अतिशय देखणा संग्रह ठेवलेला आहे. अशा ठिकाणी ठरलेल्या वेळा, तिकीटखिडकी, माहितीफलक आणि प्रशिक्षित मार्गदर्शक असतात, त्यामुळे पाहुण्याला फारशी पूर्वतयारी लागत नाही.

छोट्या खासगी संग्रहालयाची गोष्ट वेगळी असते. ते बहुधा दोनपैकी एका मुळातून उगवलेले असते. एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे कुटुंब, ज्यांनी जुनी गाडी मोडीत न काढता गोदामात ठेवली, आजोबांची हत्यारे पेटीत जपली आणि मग कधीतरी त्या सगळ्यासाठी दोन खोल्या मोकळ्या केल्या. दुसरे म्हणजे एखादा संग्राहक, ज्याला मुळात जुन्या मोटारींचा नाद होता आणि शववाहिकांच्या बांधणीतले कसब पाहून जो तिकडे ओढला गेला. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या संग्रहात कागदपत्रे, हिशेबाच्या वह्या, रोजची अवजारे आणि त्यांच्याशी जोडलेल्या आठवणी भरपूर मिळतात, पण गाड्या मोजक्याच असतात. संग्राहकाकडे गाड्या अनेक आणि उत्तम स्थितीत असतात, पण त्या कोणत्या गावात कोणासाठी धावल्या, याची माहिती कधी कधी विक्रेत्याच्या एका वाक्यापुरतीच उरलेली असते. आपण कोणत्या प्रकारच्या ठिकाणी चाललो आहोत, हे कळले की प्रश्न आपोआप योग्य दिशेने जातात.

जाण्याआधी

पहिली पायरी म्हणजे आधी संपर्क साधून वेळ ठरवणे. अशी संग्रहालये पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या सवडीवर चालतात, आणि ती व्यक्ती अजूनही अंत्यविधीच्या व्यवसायात असेल तर ठरलेली भेट ऐन वेळी पुढे ढकलावी लागू शकते, कारण त्या दिवशी एखाद्या कुटुंबाला तिची गरज पडलेली असते. म्हणून भेटीचा दिवस ठरवताना पर्यायी दिवसही सांगून ठेवावा आणि निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी. संग्रहालय आणि चालू व्यवसाय एकाच आवारात आहेत का, हेही त्याच वेळी विचारावे. तसे असेल तर साधे, सौम्य रंगांचे कपडे घालावेत, गाडी मुख्य दरवाजापुढे लावू नये आणि आवारात मोठ्याने बोलू नये. पलीकडच्या दालनात कोणी आपल्या माणसाला निरोप देत असू शकते.

संपर्क साधतानाच आणखी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : किती वेळ लागेल, प्रवेशशुल्क आहे की ऐच्छिक देणगी, छायाचित्रे काढता येतात का, आणि चाकाच्या खुर्चीने किंवा काठीने चालणाऱ्याला आत फिरता येईल का. जुनी गोदामे आणि तबेले उंच उंबऱ्यांचे व अरुंद वाटांचे असतात, त्यामुळे शेवटचा प्रश्न टाळू नये.

सोबत कोण येणार, याचा विचार मात्र सवडीने करावा. ज्यांच्या घरात अलीकडेच मृत्यू झाला आहे, त्यांना असे संग्रहालय कधी दिलासा देते, तर कधी बंद झालेली जखम उघडते, आणि यांपैकी काय होईल हे आधी सांगता येत नाही. त्यांनी येऊच नये असे मी म्हणणार नाही, पण आत शवपेट्या, शवसंलेपनाची, म्हणजे शव रसायनांनी टिकवून ठेवण्याची, साधने आणि मृतांची छायाचित्रे असू शकतात, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. मुलांच्या बाबतीत माझे मत असे आहे की सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला न्यायला हरकत नसावी, मात्र त्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरे देण्याची आपली तयारी हवी. मुले मृत्यूविषयी मोठ्यांपेक्षा धीटपणे विचारतात. त्यांना गप्प बसवणारा पालक सोबत असला तर त्या भेटीचा मुलाला काहीच उपयोग होत नाही. लहान मुलांच्या शवपेट्या कोणत्या दालनात आहेत, एवढे मात्र आधी विचारून ठेवावे.

दारातून आत शिरल्यावर

मालक किंवा राखणदार भेटल्यावर लगेच वस्तूंकडे धाव न घेता संग्रह कसा सुरू झाला, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यातून पुढच्या दोन तासांचा नकाशा मिळतो. कोणत्या वस्तूचा उल्लेख करताना त्यांचा आवाज बदलतो, याकडे लक्ष ठेवावे. त्या वस्तूपाशी नंतर परत यायचे असते.

परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये, हा नियम सगळ्याच संग्रहालयांत असतो, पण इथे त्यामागे वेगळी कारणे आहेत. घोड्यांच्या शववाहिकांवरचा सोनेरी मुलामा बोटांच्या घामाने काळवंडतो. जुन्या झालरी आणि मखमली पडदे नुसत्या स्पर्शाने भुगा होऊन गळतात. आणि शवसंलेपनाच्या जुन्या बाटल्यांत काय उरले आहे, हे बाहेरून कळत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या द्रावणांत आर्सेनिक सर्रास वापरले जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा फॉर्मल्डिहाइडने घेतली, तरी जुन्या बाटल्या अनेक संग्रहांत तशाच राहिल्या आहेत. बूच उघडणे किंवा बाटली नाकाशी नेणे कटाक्षाने टाळावे, मालकाने स्वतः सांगितले तरीही.

गाड्या पाहण्याचा क्रम

शववाहिकांचा इतिहास चाकांपासून सुरू होत नाही. शववाहिकेसाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘हर्स’ हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘एर्स’ या शब्दावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ शेतातली ढेकळे फोडणारे, दाते असलेले औजार असा होता. शवपेटीवर मेणबत्त्या लावण्यासाठी जो चौकटीसारखा सांगाडा उभारत, तो त्या औजारासारखा दिसे म्हणून त्याला हे नाव पडले, आणि पुढे पेटी वाहून नेणाऱ्या गाडीकडे ते सरकले. संग्रहालयात जुनी घोडागाडी असेल तर तिच्या माथ्यावरची नक्षी, कळस आणि दिव्यांच्या जागा पाहताना हे लक्षात ठेवावे. उजेड धरणारी चौकट हा अर्थ त्या गाडीने पूर्णपणे टाकलेला नाही.

घोड्यांची शववाहिका पाहताना आधी चार पावले मागे जाऊन पूर्ण आकार डोळ्यांत भरून घ्यावा. मोठ्या काचा असण्यामागचे कारण उघड आहे : पेटी रस्त्यावरच्या लोकांना दिसावी आणि त्यांनी थांबून मान द्यावी. काळ्या गाडीशेजारी एखादी लहान, पांढरी गाडी असेल तर ती मुलांसाठीची असते. पाश्चात्य देशांत लहान मुलांच्या आणि अविवाहित तरुणांच्या अंत्ययात्रेसाठी पांढरा रंग वापरण्याची रीत होती. छतावर भोके किंवा खोबण्या दिसल्या तर त्या शहामृगाच्या पिसांचे तुरे खोचण्यासाठी असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटनमध्ये तुऱ्यांच्या संख्येवरून कुटुंबाची ऐपत ओळखली जाई. थंड प्रदेशातील गाडीला चाकांच्या जागी घसरपट्ट्या बसवण्याची सोय असे, म्हणजे बर्फातही अंत्ययात्रा अडत नसे. मालकाकडे अशा पट्ट्या असतील तर त्या बहुधा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या सापडतील, आणि विचारल्याशिवाय त्या कशाच्या आहेत हे कळणार नाही.

मोटारीच्या शववाहिका अमेरिकेत १९०९ च्या सुमारास बाजारात आल्या. सिनसिनाटी शहरातल्या क्रेन अँड ब्रीड या कारखान्याने त्या वर्षी अशी गाडी विकायला काढली. सुरुवातीला लोकांना ती रुचली नाही, कारण इंजिनाचा आवाज आणि वेग या दोन्ही गोष्टी त्या प्रसंगाला शोभत नाहीत असे त्यांना वाटे, आणि घोड्यांच्या गाडीपेक्षा तिची किंमतही खूपच जास्त होती. म्हणूनच आरंभीच्या मोटारींची मागची बाजू घोडागाडीसारखीच घडवलेली दिसते. काही कारखान्यांनी तर लाकडात पडद्यांच्या चुण्या कोरून गाडीच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. १९२० आणि १९३० च्या दशकांतली अशी कोरीव बाजूची गाडी समोर असेल तर तिच्याशी निवांत थांबावे. दुरून जे कापड वाटते ते लाकूड आहे, हे कळायलाही काही क्षण लागतात, आणि गोंड्याच्या दोऱ्यांपर्यंत छिन्नी कशी चालवली असेल, हा प्रश्न मग सुटत नाही.

गाडीच्या मागच्या खांबावर इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणाचा, चकाकणारा धातूचा दांडा दिसतो. हा लँडो दांडा होय. लँडो नावाच्या घोडागाडीचा टप घडी घालून मागे पाडता येत असे, आणि तो टप उभा धरण्यासाठी बिजागरीचा असा दांडा लागत असे. शववाहिकेचे छत मुळी दुमडतच नाही, तरीही हा दांडा शोभेसाठी राहिला आणि अनेक देशांत तो शववाहिकेची खूणच बनला. ज्या गाडीला मागे बंद बाजू आणि हा दांडा असतो तिला लँडो, आणि जिला मागेपर्यंत खिडक्या असतात तिला लिमोझिन पद्धतीची गाडी म्हणतात. एवढा भेद कळला की संग्रहातल्या निम्म्या गाड्यांची ओळख आपली आपल्याला पटते.

आता मागच्या दाराशी यावे आणि मालकाला दार उघडून दाखवण्याची विनंती करावी. गाडीच्या तळात बसवलेले रूळ दिसतील. पेटी त्यांच्यावरून हलक्या हाताने आत सरकते, म्हणजे शेवटच्या क्षणी कोणाला धक्का द्यावा लागत नाही. तळावर भोकांची पट्टी आणि तिच्यात बसणाऱ्या खुंट्या असतात. पेटीच्या लांबीनुसार खुंटी हलवून ती घट्ट बसवली जाते, म्हणजे चढावर किंवा ब्रेक लागल्यावर पेटी हलत नाही. काही गाड्यांत पेटीचा ओटा मागूनच नव्हे तर दोन्ही बाजूंनीही बाहेर सरकतो. रस्ते कच्चे असण्याच्या काळात पेटी उचलणाऱ्यांना चिखलात न उतरता पदपथावरूनच ती ठेवता यावी, यासाठी ही तीन बाजूंची सोय केलेली होती. हा ओटा मालक सरकवून दाखवत असतील तर त्याचा आवाज ऐकावा, किंवा खरे तर तो किती कमी येतो ते ऐकावे. या धंद्यातल्या कारागिरांनी शांततेसाठी जितकी मेहनत घेतली तितकी शोभेसाठीही घेतली नसेल.

गाडीवर दोन नावे आढळली तर गोंधळून जाऊ नये. अमेरिकी शववाहिकांच्या बाबतीत एक नाव मोटार बनवणाऱ्याचे आणि दुसरे बॉडी बांधणाऱ्याचे असते. कॅडिलॅक कंपनी मागचा भाग नसलेली, लांब चॅसिस, म्हणजे चाके आणि इंजिनासह गाडीचा सांगाडा, पुरवत असे आणि मिलर-मिटिऑर, सुपीरियर किंवा १८७६ पासूनच्या सेयर्स अँड स्कोव्हिल यांसारखे कारखाने त्यावर पुढचे काम करीत. १९५९ च्या कॅडिलॅकची ही व्यावसायिक चॅसिस दोन चाकांच्या आसांमधील अंतरात १५६ इंचांची होती, तर त्याच वर्षीच्या साध्या कॅडिलॅकची १३० इंचांची. माशाच्या परांसारख्या उंच शेपट्या असलेली ती गाडी संग्रहात असेल तर तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी, म्हणजे या आकड्यांचा अर्थ पायांना कळतो. हेनी हा कारखाना १९५४ पर्यंत पॅकार्ड या मोटार कंपनीच्या चॅसिसवर गाड्या बांधत होता. ब्रिटनमध्ये १९६८ ते १९९२ या काळात तयार झालेली डेमलर डीएस ४२० ही गाडी शववाहिका म्हणून फार वापरली गेली.

एक प्रकार मात्र नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. छतावर दिवा बसवण्याची जागा, खिडक्यांना काढता येतील असे पडदे, आणि तळावर उलटवल्यावर सपाट होणारे रूळ असलेली गाडी दिसली तर ती दुहेरी कामाची गाडी समजावी. अमेरिकेतल्या लहान गावांत १९७० च्या दशकापर्यंत रुग्णवाहिकेची सेवा पुष्कळदा अंत्यविधी करणारेच देत असत, कारण माणूस आडवा नेता येईल अशी गाडी गावात फक्त त्यांच्याकडे असे. सकाळी रुग्णाला इस्पितळात नेणारी गाडी दुपारी पडदे बदलून शववाहिका होई. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांसाठी कडक सरकारी निकष आले आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा गाड्यांची बांधणी थांबली. मला स्वतःला कोणत्याही सोनेरी रथापेक्षा या गाडीपाशी अधिक थांबावेसे वाटते. संपूर्ण गावाचे सुख-दुःख एकाच तळावरून सरकत गेलेले तिथे दिसते.

सगळ्या शववाहिका रस्त्यावरच्या नव्हत्या, हेही भिंतीवरच्या चित्रांतून कळते. लंडनमध्ये १८५४ ते १९४१ या काळात वॉटर्लूजवळच्या स्थानकापासून ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत खास अंत्ययात्रेची रेल्वे धावत असे. तीत जिवंतांप्रमाणे मृतांसाठीही पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते, आणि पेटीचे तिकीट अर्थातच एकेरी असे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा बंद पडली. सिडनीमधील १८६९ सालचे अंत्ययात्रा स्थानक आजही उभे आहे. मेक्सिको सिटी आणि शिकागो येथे अंत्ययात्रेच्या ट्रामही होत्या. जपानमध्ये मंदिराच्या आकाराचे कोरीव लाकडी छप्पर मोटारीवर चढवलेल्या शववाहिका होत्या. आता त्या क्वचितच दिसतात.

पेट्या आणि अवजारे

शवपेट्यांच्या दालनात शिरताना आधी आकार पाहावा. खांद्यांपाशी रुंद आणि पायांकडे निमुळती होत जाणारी, सहा बाजूंची पेटी ही जुनी पद्धत. सरळ आयताकृती पेटी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. पूर्वी सुतारच पेट्या बनवत आणि घोड्यांचे तबेले असणारे गाड्या भाड्याने देत, म्हणून कित्येक जुन्या दुकानांच्या पाट्यांवर फर्निचर आणि अंत्यविधी ही दोन्ही कामे एकत्र लिहिलेली आढळतात. अशी पाटी संग्रहात असेल तर तिचे छायाचित्र जरूर घ्यावे. हा धंदा कसा जन्माला आला, ते तिच्यावर दोन ओळींत लिहिलेले असते.

ओतीव लोखंडाची, माणसाच्या आकाराची आणि चेहऱ्यावर काचेची झडप असलेली पेटी दिसली तर ती बहुधा आल्मंड फिस्क यांनी १८४८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीची असते. दूर देशी मृत्यू आलेल्या माणसाला घरी आणायचे आणि घरच्यांना त्याचा चेहरा दाखवायचा, तोही शव न बिघडता, ही त्या काळची खरी अडचण होती आणि ही हवाबंद पेटी तिच्यावरचा उपाय होता. पुढे अमेरिकी यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, रणांगणावरून सैनिकांची शवे घरी पाठवण्यासाठी शवसंलेपनाचा प्रसार झाला. एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचे पार्थिव आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेले गेले. शहरोशहरी लोकांनी ते पाहिले आणि ही पद्धत सर्वसामान्यांना परिचित झाली. काचेच्या कपाटातली उंच टांगण्याची बाटली, हातपंप आणि लांब पोकळ सुई या साधनांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर किळस मागे पडते आणि ती साधने कोणाच्या विनंतीवरून वापरली गेली, हे दिसू लागते.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात तळाला झडप असलेली एक पेटी आहे, आणि तिची गोष्ट छोट्या संग्रहांतही वारंवार सांगितली जाते. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये लाकूड वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारी पेटी सक्तीची केली. खड्ड्यावर नेऊन झडप उघडली की शव खाली पडे. प्रजेचा संताप इतका झाला की काही महिन्यांतच आदेश मागे घ्यावा लागला. घानामधील गा समाजाच्या मासा, विमान, कोकोचे फळ अशा आकारांतल्या रंगीत पेट्यांची उदाहरणेही अनेक संग्रहांत असतात. गेलेल्या माणसाचा व्यवसाय किंवा मान त्या आकारातून सांगितला जातो, त्यामुळे तो आकार का निवडला, हे विचारल्याशिवाय त्या पेटीसमोरून पुढे जाऊ नये.

शोकाच्या वस्तू, आणि सावधपणे ऐकायच्या कथा

काळी वस्त्रे, काळे दागिने, केसांचे विणकाम आणि छायाचित्रे यांचे कपाट बहुधा सगळ्यात शेवटी येते आणि तिथे पोचेपर्यंत पाहुणा थकलेला असतो. म्हणून त्याआधी थोडे बाहेर जाऊन यावे. व्हिक्टोरिया राणीने १८६१ साली पती गेल्यानंतर १९०१ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, शोकवस्त्रे सोडली नाहीत, आणि तिच्यामुळे शोकाच्या पोशाखाला त्या समाजात विलक्षण महत्त्व आले. विधवेने सुमारे अडीच वर्षे टप्प्याटप्प्याने शोक पाळावा, अशी अपेक्षा असे. इंग्लंडमधील व्हिटबी येथील जेट नावाच्या काळ्या, हलक्या जीवाश्म लाकडाचे दागिने त्या काळी फार खपले. परवानगी मिळून तो दागिना तळहातावर घेता आला तर वजन आणि स्पर्श तपासावा. जेट हलके आणि हाताला कोमट लागते, तर त्याची नक्कल करणारी काळी काच जड आणि थंड लागते.

याच कपाटापाशी सर्वात जास्त चुकीची माहितीही ऐकायला मिळते. मृत व्यक्तीला लोखंडी आधाराने उभे करून छायाचित्र काढत, ही कथा त्यांपैकी एक. तो आधार जिवंत माणसासाठी होता. छायाचित्र निघायला वेळ लागे, तेवढा वेळ त्याची मान स्थिर राहावी म्हणून तो मागे ठेवत, आणि शवाचे वजन तो पेलू शकत नव्हता. मृतांची छायाचित्रे त्या काळी खरोखर काढली जात, पण ती बहुतेक निजलेल्या स्थितीतली असत, आणि पुष्कळदा त्या मुलाचे घरच्यांकडे असलेले ते एकमेव चित्र असे. अश्रू साठवण्याच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नाजूक कुप्या प्रत्यक्षात बहुधा अत्तराच्या असतात. जिवंतपणी पुरले जाण्याच्या भीतीने घंटा किंवा नळी लावलेल्या पेट्यांची पेटंटे मात्र खरी आहेत, उदाहरणार्थ १८९७ मधले कार्निचे-कार्निकी यांचे यंत्र. फक्त ‘घंटेने वाचवले’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार त्या पेट्यांवरून आलेला नाही, तो मुष्टियुद्धातला आहे.

अशी कथा मालकाच्या तोंडून आली तर चारचौघांत तिथल्या तिथे खोडून काढू नये. ती त्यांनाही कोणाकडून तरी मिळालेली असते. नंतर एकटे असताना, आपण वाचलेली माहिती नम्रपणे त्यांच्यापुढे ठेवावी. मनापासून जपणाऱ्या संग्राहकांना हे आवडते, आणि फलक दुरुस्त होतात.

मालकाशी बोलताना

“ही गाडी केवढ्याला मिळाली?” हा प्रश्न बहुतेक पाहुणे सर्वप्रथम विचारतात आणि त्याने संवाद तिथेच आखडतो. त्याऐवजी ही गाडी शेवटची कधी चालली, ती कोणत्या गावाची होती, तिची दुरुस्ती करताना आत काय सापडले, आणि कोणता भाग आता कोणालाच बनवता येत नाही, हे विचारावे. मूळ रंग कुठे शिल्लक आहे ते दाखवायला सांगावे, बहुधा तो दाराच्या आतल्या कडेला किंवा बिजागरीखाली असतो. कोणता भाग नव्याने बसवला आहे, हे खुलेपणाने सांगणारा मालक भेटला तर त्याच्या बाकीच्या माहितीवरही भरवसा ठेवायला हरकत नाही.

हिशेबाची वही दाखवत असतील तर ती सर्वात आधी मागावी. पेटी, गाडी, घोडे, हातमोजे, कबर खणण्याची मजुरी अशा एकेका नोंदीतून एका कुटुंबाचा तो दिवस उभा राहतो. मात्र त्या वहीत खऱ्या माणसांची नावे असतात आणि त्यांचे नातेवाईक हयात असू शकतात. म्हणून वहीच्या पानांची छायाचित्रे परवानगी असली तरी समाजमाध्यमांवर टाकू नयेत. हाच नियम मृतांच्या छायाचित्रांना लावावा. शवपेटीत झोपून किंवा शववाहिकेत मागे बसून स्वतःचे छायाचित्र काढण्याचा आग्रह कोणी धरला तर त्याला थांबवावे, कारण त्याच तळावरून कोणाचे तरी आई-वडील गेलेले असतात.

निघताना

ऐच्छिक देणगी असेल तर ती हातात न देता देणगीपेटीत टाकावी आणि अभिप्रायाच्या वहीत ‘छान’ एवढेच न लिहिता आपल्याला कोणती वस्तू लक्षात राहिली, ते नाव घेऊन लिहावे. कोणत्या वस्तूपुढे फलक हवा आणि कुठे दिवा हवा, हे मालकाला अशाच नोंदींवरून ठरवता येते.

आपल्या घरात जुने शोकपत्र, अंत्ययात्रेचे छायाचित्र किंवा या व्यवसायातले एखादे अवजार असेल आणि ते संग्रहालयाला द्यावेसे वाटले, तर लगेच नेऊन देऊ नये. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसून छायाचित्रातली माणसे कोण, वर्ष कोणते, ही वस्तू कोणाच्या हाताखालून गेली, हे पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे, छायाचित्राच्या पाठीवर नव्हे. तो कागद आणि वस्तू एकत्र सुपूर्द करावी, आणि संग्रह पुढे बंद पडला तर ती वस्तू परत मिळेल की दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे लेखी विचारून घ्यावे.